समोर लख्ख, दिवाणावर बंद: स्पीकरचा बाजूला जाणारा आवाज कसा घडवायचा?

कोलशेतचा श्रोता (ठाणे)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं खपून स्पीकरची एक जोडी बांधली आणि नेमका शेवटच्या टप्प्यावर अडलोय. मापं, खोली, काय काय करून पाहिलं, सगळं लिहितो. लांबेल, पण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार?

८ इंची कागदी कोनाचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा ड्रायव्हर), त्यावर १ इंची रेशमी घुमटाचा ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा), डबा ३० सेंमी रुंद, २५ मिमी प्लायचा, आतून आडव्यातिडव्या पट्ट्या मारलेला. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरने ट्विटरकडे आवाज सोपवायची जागा, २२०० हर्ट्झला, चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली (गाळणीचा एक प्रकार), सगळं डीएसपीतून (डिजिटल संकेत-प्रक्रियेतून), प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा अँप. ड्रायव्हर चांगले महागातले घेतले. एक जोडी घडवायची तर आयुष्यभर पुरेल अशी घडवायची, हे घरात आधीच बोलून ठेवलं होतं. समोरून १ मीटरवर मोजलं तर ३०० ते १५,००० हर्ट्झपर्यंत रेघ, म्हणजे कोणता स्वर किती मोठा येतो त्याचा आलेख, दीड डीबीच्या (डेसिबलच्या) पट्ट्यात. ती रेघ पहिल्यांदा स्क्रीनवर आली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता खोली. हॉल १६ बाय १० फूट. मायवानचं बांधकाम, म्हणजे चारी भिंती सलग काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल. स्पीकर १६ फुटी भिंतीला, एकमेकांपासून २ मीटरवर. समोरच्या भिंतीला सोफा. डावीकडच्या आखूड बाजूला बाल्कनीची सरकती काच, उजवीकडच्या आखूड भिंतीला दिवाण. दिवाणावर बाबा बसतात. पहाटे सहाला चहा, पेपर आणि गाणं, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम. वय ७४. वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होते, नजरेने आणि बोटाने पाव मिलिमीटर ओळखणारा माणूस.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून सोफ्यावर, बरोबर मध्यात बसवलं. यमन लावला. दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान झालंय." दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे दिवाणावर. मी आत दाढी करत होतो. त्यांनी हाक मारून विचारलं, "काय रे, आज तानपुऱ्यावर गोधडी टाकलीस का?"

मला वाटलं वयाचा परिणाम असेल. मग त्यांना उठवून मी तिथे बसलो. ते अगदी बरोबर सांगत होते. तानपुऱ्याची जवारी, ती जी झिणझिण खर्जावर तरंगत राहते, तिचा मधला भाग कोणीतरी काढून घेतल्यासारखा. आणि वर गायकाचे 'स' आणि 'श' मात्र टोचतात. सोफ्याकडे दोन पावलं सरकलो की तानपुरा हळूहळू उघडतो. चालता चालता वाद्य बदलतंय असं वाटतं.

फिरत्या थाळीवर डबा ठेवून दर १० अंशांना मोजलं. दिवाण उजव्या स्पीकरच्या अक्षापासून ६५ अंशांवर येतो, डाव्याच्या ५० वर. ६० अंशांच्या रेघेत १८०० हर्ट्झला आवाज समोरच्यापेक्षा साडेपाच डीबी खाली आहे आणि ३५०० ला जेमतेम दीड डीबी. म्हणजे दोघांमध्ये ४ डीबीची पायरी, आणि तीही कान सगळ्यात तिखट असतात तिथे.

मग मी चूक केली. डीएसपीत ३५०० हर्ट्झ ३ डीबीने कापलं आणि १८०० थोडं उचललं. दिवाणावर बरं झालं, सोफ्यावर गायकाचं तोंड रुमालाने बांधल्यासारखं. परत पूर्ववत केलं. काचेला जाड पडदा लावून पाहिला, टोचणं किंचित कमी झालं, गोधडी तशीच.

आता प्रश्न. वूफर लहान करून, मध्ये आणखी एक ड्रायव्हर घालून तीन-मार्गी करावं, की ट्विटरला वेव्हगाइड (आवाज ठरावीक कोनात वळवणारी, भोंग्यासारखी वक्र वाटी) लावावा? लावला तर किती अंशांचा, किती मोठा? ठाण्यात किंवा नवी मुंबईत तो नेमक्या आकारात कापून कोण देईल? आमच्या मंडळाच्या गणपतीतले जुने भोंगे आठवतात: समोर उभं राहिलं की कान फाटायचे आणि बाजूच्या गल्लीत नुसतं घुं-घुं, शब्द एक कळायचा नाही. मला घरात भोंगा आणायचा नाहीये, एवढंच मनात आहे.

---

तरंगलांबी (नेरूळ)

तुमच्या बाबांचा कान आणि तुमची मापं एकच गोष्ट सांगताहेत, त्यामुळे निदान सोपं आहे. ट्विटर खराब नाही, वूफर खराब नाही. जिथे एकाने दुसऱ्याच्या हाती आवाज सोपवायचा तिथे दोघांचा पसारा, म्हणजे आवाज किती अंशांत पसरतो ते, वेगळा आहे.

हिशोब करून बघा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. तुमच्या ८ इंची वूफरचा हलणारा कोन साधारण १६.५ सेंमी व्यासाचा, म्हणजे परीघ ५२ सेंमी. तरंगलांबी या परिघाएवढी झाली की कोन आपला आवाज पुढे गोळा करायला लागतो. ही वेळ ६६० हर्ट्झला येते. तिथून जसजसं वर जाल तसतसा झोत अरुंद. २००० हर्ट्झच्या सुमाराला त्याचा पसारा ९० अंशांवर आलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर आवाज ६ डीबीने उतरलेला. आता १ इंची घुमट घ्या. परीघ ८ सेंमी. त्याची तीच वेळ ४३०० हर्ट्झला येते. म्हणजे २२०० ला वूफर मुठीत धरल्यासारखं फेकतोय आणि ट्विटर हात पसरून सगळीकडे उधळतोय. समोर बसलेल्याला दोघांची बेरीज सरळ दिसते कारण तुम्ही ती समोरच जुळवलीत. बाजूला बसलेल्याला पायरी दिसते.

इक्वलायझरने हे सुटत नाही, याचं कारण तुम्ही स्वतःच अनुभवलंत. तो ड्रायव्हरकडे जाणारा विद्युत संकेत बदलतो. त्या संकेतातून समोर जे निघतं आणि बाजूला जे निघतं ते एकाच प्रमाणात वरखाली होतं. दोघांतला फरक हा आकाराने ठरतो: कोनाच्या, घुमटाच्या, डब्याच्या कडेच्या. तो लाकडातच दुरुस्त करावा लागतो.

भोंग्याची भीती समजू शकतो. मंडळाचा भोंगा हा घातांकी वक्राचा असतो. तो ड्रायव्हरमधून जास्तीत जास्त आवाज काढण्यासाठी घडवलेला, पसारा एकसारखा ठेवण्यासाठी नव्हे. त्यात स्वर जितका उंच तितका झोत बारीक, म्हणून व्यंजनं सरळ समोर जातात आणि गल्लीत फक्त घुं-घुं उरतं. डॉन कील यांनी १९७५ साली, इलेक्ट्रो-व्हॉइसमध्ये असताना, नेमक्या याच दोषावर निबंध मांडला आणि पसारा स्थिर ठेवणाऱ्या हॉर्नची वाट मोकळी झाली. पुढे अर्ल गेडीस यांनी १९८९ मध्ये वेव्हगाइडचं गणित मांडलं: भिंतीचा वक्र असा हवा की लहर गळ्यातून (ट्विटरकडच्या अरुंद टोकातून) तोंडापर्यंत आपला आकार मोडल्याशिवाय उलगडत जाईल. तुम्हाला हवंय ते या घराण्यातलं.

कीलचा एक अंदाजी नियम फार कामाचा आहे. तोंडाची रुंदी इंचात, पसारा अंशांत. दोघांच्या गुणाकाराने १० लाखाला भागा. जो आकडा येईल तितक्या हर्ट्झपर्यंत खाली तो वेव्हगाइड आपला कोन राखतो. तुम्हाला ९० अंश हवे आणि १५०० हर्ट्झपर्यंत ताबा हवा, तर साडेसात इंच, म्हणजे १९ सेंमी. मी तुमच्या जागी असतो तर २२ सेंमी घेतली असती. तुमच्या वूफरची चौकटही साधारण तेवढीच असणार, डोळ्यालाही बरं दिसतं. तेवढ्यात ताबा १३०० च्या आसपास सुरू होईल आणि तुम्ही क्रॉसओव्हर १७०० ला आणू शकाल. तिथे वूफर अजून थोडा रुंद आहे, वेव्हगाइड नुकता आवळायला लागलाय, दोघांचे हात जुळतात.

घुमटाला १७०० झेपेल का, असं विचाराल. वेव्हगाइडमध्ये १५०० ते ४००० च्या पट्ट्यात ट्विटरचा समोरचा आवाज कित्येक डीबीने वाढतो, कारण बाजूला उधळणारी ऊर्जाच समोर वळते. तेवढा तो डीएसपीत कापायचा, म्हणजे घुमटाला तेवढंच कमी हलावं लागतं. तरी विकृती (मूळ संकेतात नसलेले, ड्रायव्हरने घुसडलेले स्वर) मोजून बघा, मोठ्या आवाजात.

उभ्या दिशेची काळजी वाटत असेल तर: आत्ता तुमच्या दोन ड्रायव्हरांच्या केंद्रांत १७ सेंमी असावेत. वेव्हगाइड लावल्यावर २२ होतील. पण क्रॉसओव्हर खाली आल्याने तरंगलांबीही १५.६ वरून २० सेंमीवर जाते. पहिला खड्डा, म्हणजे दोघांचे आवाज जिथे एकमेकांना खोडतात ती जागा, वरखाली २७ अंशांवर होता, तो २७ वरच राहतो. काही बिघडत नाही.

तीन-मार्गी हा दुसरा प्रामाणिक रस्ता आहे. लहान मिड घातला की पसारा रुंद आणि सलग मिळतो, पुष्कळ सुंदर स्पीकर तसे आहेत. पण मायवानचा हॉल, एका बाजूला उघडी काच, खाली टाइल. तिथे जेवढा आवाज बाजूला फेकाल तेवढा परत येणार. तुमच्या खोलीसाठी मी अरुंदच निवडेन.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. समोरची एक रेघ बघून स्पीकर पूर्ण झाला असं मानू नका. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, आणि १९८५-८६ मध्ये ते निष्कर्ष छापले. ऐकणाऱ्यांना आवडलेल्या स्पीकरची समोरची रेघ सरळ होतीच, पण बाजूच्या रेघाही तिच्यासारख्याच गुळगुळीत उतरत होत्या. म्हणून आज एका स्पीकरची ७० मापं घेतात: आडव्या वर्तुळात दर १० अंशांना ३६, उभ्या वर्तुळात ३६, आणि समोरचं व मागचं दोन्हींत येतं म्हणून २ वजा. तुमच्याकडे फिरती थाळी आहे. डबा आडवा निजवून उभं वर्तुळही घ्या.

---

फर्मावाला (रबाळे)

कापण्याबद्दल लिहितो, ध्वनिशास्त्र वरच्या काकांकडे.

माझं राउटरचं काम आहे, मुख्यतः देवघराची जाळी आणि किचनचे शटर. असे तीन-चार वेव्हगाइड कापून दिलेत, सगळ्यांत एकच अनुभव: वक्र कठीण नाही, गळा कठीण.

तुमचा २२ सेंमीचा तोंडाचा आकार ९० अंशांत साधारण साडेसहा सेंमी खोल जाईल. १८ मिमीचे चार थर चिकटवून ७२ मिमीचा ठोकळा करा. एमडीएफ कापायला लोण्यासारखा, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी कड पाणी पिते आणि फुगते. जुलैत दिलेला तुकडा ऑगस्टमध्ये अर्धा मिलिमीटर जाड होऊन परत आलाय माझ्याकडे. कापल्या कापल्या पीयू सीलरचे दोन हात, घासून परत एक. बर्च प्लाय टिकाऊ, पण त्याचे थर वक्रावर पट्टे दाखवतात, आवडत असेल तर तेल-पॉलिश करून तसेच ठेवा, फार देखणे दिसतात.

बिट ६ मिमी बॉल-नोज, फेऱ्यांत ०.३ मिमी अंतर. वेळ लागतो. कोणी म्हणालं एका तासात देतो तर पायऱ्या राहतील, आणि पायऱ्या घासताना हाताने वक्र बिघडतो.

आता गळा. घुमटाच्या कडेला जिथे लाकूड भेटतं तिथे धार अगदी पातळ होते. एमडीएफची तिथे पावडर होते, प्लायचा टवका उडतो. आणि तिथेच नेमकेपणा हवा, कारण १० हजार हर्ट्झची तरंगलांबीच साडेतीन सेंमी. घुमट आणि लाकूड यांत पायरी किंवा मोकळी खाच राहिली की वरच्या पट्टीत दातेरी रेघ दिसते. माझा सल्ला, शेवटचा थर लाकडाचा करूच नका. अॅल्युमिनियमची रिंग लेथवर फिरवून घ्या आणि मागून बसवा. ट्विटरची पुढची तबकडी निघते का तेही आधी तपासा. चार स्क्रू काढून निघाली तर काम सोपं. चिकटवलेली असेल तर तो ट्विटर या कामाला घेऊ नका.

फाइल स्टेपमध्ये (त्रिमितीय आराखड्याच्या फॉरमॅटमध्ये) पाठवा. फोटोवरून नाही कापत.

---

श्रुती ऐरोली

मी सतार वाजवते, आणि गेली सहा वर्षं छोट्या बैठकींचं ध्वनिमुद्रण करते. तुमच्या बाबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

तानपुरा हा बाजूच्या आवाजाची परीक्षा घ्यायला सगळ्यात कडक परीक्षक आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेवर लिहिलं, तेव्हा त्यांना हेच नवल वाटलं होतं की तार जिथे छेडली तिथल्या नियमाने जे स्वरांश गप्प राहायला हवेत, तेही या वाद्यांत वाजतात. सपाट नसलेल्या घोडीवर तार घासत राहते आणि एका स्वरातून वरच्या स्वरांशांची अख्खी शिडी उभी राहते, काही हजार हर्ट्झपर्यंत. शिवाय तो थांबत नाही. तबल्याचा ठोका येऊन जातो, तोवर कान तुलना करू शकत नाही. तानपुरा लावून ठेवा आणि स्पीकरभोवती अर्धवर्तुळात चाला. शिडीची एखादी पायरी जिथे गायब होते तिथे तुमचा दोष. मी कोणताही मॉनिटर (ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर) घेण्याआधी दुकानात हेच करते. माइकने नंतर मोजते.

दुसरं, आणि हे काकांनी लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. वेव्हगाइड लावून काम संपत नाही, स्पीकर वळवावे लागतील. खूप. आत्ता ते बहुधा सोफ्याकडे बघताहेत, २० एक अंश आत. ते ४० अंश आत वळवा, म्हणजे दोघांचे अक्ष सोफ्याच्या पुढेच एकमेकांना छेदतील. मध्यात बसलेला दोघांच्याही अक्षापासून १५-१७ अंशांवर येईल, त्याने काही बिघडत नाही. उलट गोल तोंडाच्या वेव्हगाइडला बरोबर समोर एक छोटा खड्डा असतो, कडेवरून सांडलेला आवाज सगळा एकाच वेळी मध्यात पोचतो म्हणून. तो खड्डा यात टळतो.

बाबांच्या जागी काय होतं बघा. उजवा स्पीकर त्यांच्यापासून दीड मीटरवर, डावा सव्वातीन मीटरवर. आत्ता जवळचा उजवा डावा गिळून टाकतो, गायक त्यांना उजव्या डब्यातूनच ऐकू येत असणार. ४० अंश वळवल्यावर उजव्याच्या अक्षापासून ते ८५ अंशांवर जातील, आणि डाव्याच्या फक्त ३० वर. जवळचा हळू, लांबचा मोठा. मेंदूला आधी पोचलेला आवाज आणि मोठा आवाज यांत तडजोड करावी लागते आणि गायक मध्याकडे सरकतो. हे फक्त तेव्हाच जमतं, जेव्हा बाजूचा आवाज नुसता हळू असतो, वेगळा नसतो. आत्ताच्या डब्यांनी हा प्रयोग केलात तर बाबा उठून जातील.

पूर्ण मध्य मिळेल असं मी म्हणत नाही. पाच मिलिसेकंदांचा फरक मोठा आहे. दिवाण हातभर मागे सरकत असेल तर सरकवा.

---

कोलशेतचा श्रोता (ठाणे)

तिघांचे मनापासून आभार. आज नऊ आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी काही हाती नव्हतं.

ट्विटरची तबकडी स्क्रूची निघाली, हे नशीब. वक्र सिम्युलेशनमध्ये सतरा वेळा बदलला. शेवटी तोंड गोल न ठेवता किंचित लंबगोल केलं, २२ रुंद, २० उंच, आणि कडेला १८ मिमीची गोलाई दिली, म्हणजे लहर तोंडातून बाहेर पडताना धारेला अडखळणार नाही. ठोकळा रबाळ्यालाच कापला, बर्च प्लायचा. पट्टे खरंच देखणे आलेत.

रिंगचं सांगतो. मी बाबांना नकाशा दाखवला, आतला व्यास, उतार, धारेची जाडी. त्यांनी चष्मा वर करून पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हा कोपरा मारला तर आवाजाला काय होतं?" मी घुमट, फट, साडेतीन सेंमी तरंगलांबी, जे समजलं होतं ते सगळं सांगितलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून वागळे इस्टेटला गेले. त्यांच्या जुन्या सोबत्याच्या मुलाचं तिथे छोटं वर्कशॉप आहे. अॅल्युमिनियमचा गोल घेऊन चार तास लेथवर उभे राहिले. १६ वर्षांनी. रिंग खिशातून काढून टेबलावर ठेवली तेव्हा पॉलिशसुद्धा झालेली होती. मी व्हर्निअर लावला, सहा ठिकाणी मोजली, कुठेच पाच शतांश मिलिमीटरच्या बाहेर नव्हती.

मापं हॉलमध्येच घेतली, पावसामुळे गच्ची नाही मिळाली. डबा जमीन आणि छत यांच्या बरोबर मध्यावर, १.४५ मीटरवर टांगला, माइक १ मीटरवर. पहिला परावर्तित आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांनी येतो, तिथे मापाची खिडकी बंद केली, म्हणजे त्यानंतर आलेला आवाज मोजलाच नाही. म्हणजे १७० हर्ट्झच्या वरचं तेवढं विश्वासाचं, आणि मला हवं ते सगळं त्याच्या वरच होतं.

क्रॉसओव्हर १७०० ला. ६० अंशांची रेघ आता अशी: १२०० ला समोरच्यापेक्षा ३ डीबी खाली, तिथून हळूहळू उतरत २५०० ला साडेआठ, आणि मग १०,००० पर्यंत जवळपास त्याच पातळीवर. पायरी नाही. उतार आहे, पण एकाच दिशेने. गळ्यापाशी काही दातेरीपणा दिसत नाही. विकृती मोठ्या आवाजातही आधीपेक्षा कमी आली, काका, तुम्ही म्हणालात तसं ट्विटरला ५ डीबी कापावे लागले.

वळवण्याचा प्रयोग शनिवारी रात्री केला. ४० अंश डोळ्यांना फार विचित्र दिसतात, बायको म्हणाली दोघं भांडून एकमेकांकडे बघताहेत. पण दिवाणावर बसलो आणि गायक उजव्या डब्यातून सुटला. पूर्ण मध्यात नाही, उजवीकडून साधारण एकतृतीयांश अंतरावर. पण हवेत, लाकडात नाही. दिवाण हातभर मागे नेला, तिथे बाल्कनीकडून येणारा वाराही लागतो म्हणून बाबांची हरकत नव्हती. सोफ्यावर तर आधीपेक्षा खोली वाढली, काचेवरून येणारा आवाज कमी झाला असणार, पडदा काढून टाकलाय.

तानपुरा लावून अर्धवर्तुळात चाललो, श्रुतीताई. काचेपासून दिवाणापर्यंत. हळू होतो, मोठा होतो, पण शिडी तुटत नाही.

एक गोष्ट राहिली आहे. १९० हर्ट्झला सोफ्यावर मोठा खड्डा दिसतो. डब्याचा चेहरा मागच्या भिंतीपासून ४५ सेंमीवर आहे, जाऊन-येऊन ९० सेंमी, त्याची दुप्पट केली तर तरंगलांबी बरोबर १९० ची येते. म्हणजे मागून फिरून येणारा आवाज पुढच्याला खातोय. यावर काही?

---

तरंगलांबी (नेरूळ)

बाबांना माझा नमस्कार सांगा. पाच शतांश, तेही इतक्या वर्षांनी.

१९० चं तुमचं निदान बरोबर आहे. खाली वूफर सगळीकडे सारखाच फेकतो, वेव्हगाइडचा तिथे हात पोचत नाही. दोन मार्ग. डबे भिंतीला अगदी चिकटवून, चेहरा २० सेंमीच्या आत आणला तर खड्डा ४३० च्या पुढे सरकतो आणि वूफर तिथे थोडा दिशा धरायला लागलेला असल्याने उथळ होतो. तुमचा डबा खोल असेल तर हे शक्य नाही.

दुसरा मार्ग कार्डिऑइड, म्हणजे पुढे फेकणारा आणि मागे जवळजवळ गप्प राहणारा डबा. वूफरच्या मागची हवा डब्याच्या दोन्ही बाजूंना फटींतून बाहेर सोडायची, फटींत घट्ट पॉलिएस्टर वाडिंग भरायचं. ती हवा उलट फेजमध्ये असते, म्हणजे पुढची दाबली जाते तेव्हा ही खेचली जाते. मागच्या दिशेला ती पुढच्या आवाजाला खोडते, पुढे फारशी नाही. नेदरलँड्सच्या डच अँड डच ८सी मध्ये बाजूच्या फटी दिसतात त्या याचसाठी. पण हा नवा डबा झाला. खालच्या पट्टीत आवाजही गमवावा लागतो, कारण पुढचा आणि फटीतला मार्ग यांत ३० सेंमीचा फरक आणि १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटर, दोघे एकमेकांना बरंचसं खातात. त्याखाली वेगळा सबवूफर भिंतीला लावून द्यावा लागेल. वाडिंग किती दाबून भरायचं हे गणिताने येत नाही. मूठमूठ काढून, घालून, मागून १८० अंशांवर मोजत बसावं लागतं. माझे दोन महिने गेले होते.

आधी पुठ्ठ्याच्या किंवा साध्या प्लायच्या कच्च्या डब्यावर करा. माझ्याकडे जुनी फटींची मापं आहेत, एखाद्या रविवारी नेरूळला या, माइक घेऊन.

---

कोलशेतचा श्रोता (ठाणे)

येतो काका. पुढच्या रविवारी चालेल? बाबा पण येतो म्हणताहेत. फटींची धार कशी असावी हे त्यांना तुम्हाला विचारायचंय.